मला कुणीतरी घरी पाठवायला हवं होतं

परवा जुन्या जिममधल्या एका मित्राचा व्हिडिओ समोर आला. टायर उलटतोय, मागून सगळे 'अजून एक, अजून एक' ओरडताहेत. खाली दीडशे बदाम. सवयीनं मीही एक बदाम दाबला आणि मग वाटलं, गेल्या वर्षीची हकिगत एकदा लिहून टाकावी.

मी कोल्हापूरचा, पण अंगाला माती कधी लागलेली नाही. चाळिशी ओलांडलेला, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवडमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो. पूर्वी तिथं लेथ मशीन चालायची, आता त्याला 'बॉक्स' म्हणतात, म्हणजे क्रॉसफिटचं जिम: धावणं, वजनं, पुलअप असं सगळं एकत्र, घड्याळ लावून. एसी नाही, आरसे नाहीत, ट्रेडमिल नाही. जमिनीवर जाड काळं रबर, तुळईला बांधलेला दोर, ट्रॅक्टरचा टायर, ढकलायची लोखंडी स्लेज, आणि ती पंख्याची सायकल, जी जितकी जोरात मारावी तितकी आणखी जड होते. फळ्यावर त्या दिवसाचा व्यायाम, शेजारी प्रत्येकाची वेळ. येणाऱ्यांत दोन ट्रायथलीट, एक रग्बी खेळणारा, एक ज्युदोवाली मुलगी. आणि मी.

खोटं कशाला बोलू, मला ती जागा फार आवडायची. कोण कसा दिसतो याच्याशी तिथं कुणाला घेणंदेणं नव्हतं. सगळ्यात शेवटी जो संपवेल त्याच्याभोवती बाकीचे उभे राहायचे. ती ज्युदोवाली स्वतःच्या बोटांना टेप गुंडाळत माझे पुलअप मोजायची आणि हनुवटी दांडीच्या वर गेली नाही तर तोच आकडा पुन्हा म्हणायची. ऑफिसात वर्ष-वर्ष कळत नाही की आपण काही केलं की नाही. इथं फळ्यावरची वेळ खरी.

मे महिन्यात 'मर्फ' लागला. अफगाणिस्तानात २००५ साली मारल्या गेलेल्या मायकल मर्फी या अमेरिकन नेव्ही सील (नौदलाच्या कमांडो) अधिकाऱ्याच्या नावाचा व्यायाम: १ मैल धावणं, १०० पुलअप, २०० पुशअप, ३०० बैठका, पुन्हा १ मैल. हे सगळं अंगात नऊ किलोचं जाकीट घालून. अमेरिकेत तो मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी करतात. तो दिवस तिथं उन्हाळ्याची सुरुवात मानतात. आपल्याकडे तेव्हा पत्र्याचं शेड म्हणजे भट्टी. पण तारीख तिकडची म्हणजे तारीख तीच!

मी त्याआधी तीन आठवडे गेलोच नव्हतो. आधी ताप, मग प्रोजेक्टची रिलीज. आदल्या रात्री जेमतेम पाच तास झोप. कोचनं विचारलं, 'जमेल ना सर?' मी म्हटलं, 'जमेल.' एवढीच चौकशी. जाकीट नाही घातलं, बाकी सगळं केलं. एक तास अकरा मिनिटं. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी कोपर सरळ होईना. दंड फुगले होते, आणि मला वाटलं, वा, काय पंप आलाय! तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायू इतके फाटतात की त्यांच्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाला जड जातं. मोठ्या खंडानंतर एकदम ढीगभर पुलअप, त्यात उकाडा, त्यात पाणी कमी. याला अगदी पोषक हवामान. रिपोर्टमध्ये सीपीके नावाचा एक आकडा असतो, स्नायू किती फाटले ते सांगणारा; तो साधारण दोनशेच्या आत हवा. माझा पन्नास हजारांच्या वर. चार दिवस सलाइनवर काढले, किडन्या वाचल्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'स्पर्धा होती का काही?' म्हटलं, 'नाही. सोमवार होता.'

नंतर वाचत बसलो. क्रॉसफिटचे संस्थापक ग्रेग ग्लासमन यांनी २००५ मध्येच यावर लेख लिहिला होता. त्या गोटात 'अंकल रॅब्डो' नावाचा एक विदूषकही होता, डायलिसिसच्या मशीनला जोडलेला. म्हणजे धोका माहीत होता, त्याचं कार्टूनसुद्धा काढून झालं होतं. माझ्या कोचला रॅब्डोचं नावही ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात मामा भेटायला आले. ते तरुणपणी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत कुस्तीसाठी राहिलेले. मी त्यांना फुशारकीनं १००-२००-३०० सांगितलं. ते म्हणाले, 'आणि मग झोपलास कधी?' म्हटलं, 'मग ऑफिस.' त्यांनी माझ्याकडं बघितलं ते अजून आठवतं.

मामांच्या वेळचा दिवस असा: पहाटे चारला उठणं, जोर, बैठका, हौद्यात लढत. मग थंडाई, मग झोप. जेवण, पुन्हा झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत. पाच-सहा तास मेहनत, आणि उरलेला अख्खा दिवस त्या मेहनतीची चाकरी. आम्ही त्यातला फक्त पहिला भाग उचलला आणि त्याला मासिक फी लावली. कट्ट्यावर बसलेला वस्ताद बघत असायचा, आणि ज्याचा चेहरा उतरलेला त्याला हौद्यात उतरूच द्यायचा नाही. 'आज तुझं काय खरं न्हाई, जा झोप जा.' एवढं बोलायला त्याला पोराच्या बापाची परवानगी लागत नव्हती.

(तालमीचं फार कौतुक करतोय असं वाटेल, तर थांबा. गुडघे तिथंही गेले, आणि त्या ज्युदोवाल्या मुलीला तेव्हा उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं नसतं. शिवाय कमेंटमध्ये 'हे सगळं आपल्याच पूर्वजांनी' सुरू करू नका, हात जोडतो.)

विश्रांतीच्या बाबतीत परदेशातल्या खऱ्या कडक जागाही तालमीसारख्याच आहेत. ओहायोतल्या कोलंबसचं वेस्टसाइड बार्बेल घ्या. लुई सिमन्स यांनी उभं केलेलं हे पॉवरलिफ्टिंगचं जिम बोलावल्याशिवाय कुणाला घेत नसे. तिथं आठवड्यात मुख्य दिवस चार, आणि पायांच्या एका जड दिवसानंतर दुसरा येईपर्यंत निदान ७२ तास विश्रांती. टबाटा नावाच्या व्यायामाचंही तेच. इझुमी टबाटा यांचा १९९६ चा अभ्यास: २० सेकंद जीव खाऊन सायकल, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या, की माणूस संपला. ही पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंग संघाची. आमच्याकडे ४५ मिनिटांचा 'टबाटा' असायचा. ४५ मिनिटं जे करता येतं ते टबाटा नव्हेच!

मामांनी त्या दिवशी दवाखान्यात पैलवान खाशाबांची गोष्ट पुन्हा सांगितली. हेलसिंकी, १९५२. जपानच्या इशी या मल्लाशी दमवणारी कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. नियमानं मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा जाधव कांस्य घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापुरात ही गोष्ट अभिमानानं सांगतात. मामा मात्र दरवेळी त्या अर्ध्या तासापाशी थांबतात.

मी व्यायाम सोडलेला नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या एका जागी जायला लागलो. तिथं चौदाच माणसं, आणि पहिले दोन महिने मला दोराला हात लावू दिला नाही. काल पोचलो तर कोचनं विचारलं, 'झोप?' म्हटलं, 'साडेचार तास.' तिनं रोइंग मशीनकडं बोट दाखवलं. 'पंधरा मिनिटं, गप्पा मारता येतील इतकं हळू. मग घरी.' आत बाकीचे स्लेज ढकलत होते आणि मी म्हाताऱ्यासारखा वल्ही मारत बसलो होतो. खरं सांगतो, मनातून चिडलो. गाडी काढताना मामांना फोन लावला आणि तक्रार केली.

'बरं केलं तिनं,' मामा म्हणाले. 'जेवलास का?'