पायदळ काहून?

आमच्या गावात पायी चालायला कारण लागतं. बैल सुटला, लाइनमन सापडत नाही, मयतीला जायचं आहे, गाडी बंद पडली... यातलं काही असेल तर माणूस खुशाल चालू शकतो. पण रिकाम्या हातानं, डांबरी रस्त्यानं, फाट्यापर्यंत जाऊन तसाच परत येणारा माणूस दिसला की लोक काळजीत पडतात. घरी भांडण झालं असावं, नाहीतर शुगर निघाली असावी.

आणि हे वर्धा जिल्ह्यात बरं का! १९५१ साली विनोबा इथून हैदराबादकडे पायी निघाले, तिथून पुढं भूदान मागत वर्षानुवर्षं देशभर चालले. त्यांना रस्त्यात कोणी "बसा मागं, सोडून देतो" म्हटलं नसेल. मला मात्र म्हणतात.

माझी नोकरी तालुक्याला, महसुलाच्या कागदांची. कागद म्हणायचे, आता सगळं कॉम्प्युटरवरच आहे. पूर्वीचा बाबू निदान फाइल शोधायला कपाटापर्यंत तरी जायचा, वरच्या खणासाठी स्टुलावर चढायचा. आता फाइल माउसच्या टोकाशी, प्रिंटर कोपराशी, चहा टेबलावर आणि खर्रा खिशात. उन्हाळ्यात तर उठायची सोयच नाही. कूलरच्या तोंडापुढची खुर्ची सोडली की पाच मिनिटांत तिच्यावर दुसऱ्याचा ताबा, आणि ताबा कसा सोडवत नाही हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यामुळे मार्च ते जून मी पाणीसुद्धा बेतानंच पितो.

पोट वाढलं. डॉक्टरनं पट्ट्याच्या नव्या भोकाकडे बघितलं आणि म्हणाला, चाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगून ठेवलंय म्हणे : मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं जरा घाम येईल अशी हालचाल करावी. मला वाटलं, घामाचंच असेल तर आपण पहिल्या नंबरात. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा नुसतं बसूनही बनियन पिळून निघतं. पण तो घाम धरत नाहीत.

तर चालणं सुरू केलं. गावाची शीव ओलांडायच्या आत पहिली मोटरसायकल थांबली.

"काहून भाऊ, पायदळ?"

"असंच. फिरायला."

"गाडी पंक्चर आहे काय?"

"नाही ना. तब्येतीसाठी चालतो."

"मंग बसा ना, तब्येत खराब असल्यावर चालता कायले?"

याला उत्तर नाही. मी नाही म्हटलं तर तो गाडी न्यूटरलला टाकून पायानं ढकलत माझ्या बाजूनं येणार आणि मामेभावाचा फेरफार कुठं अडला ते विचारणार. म्हणजे व्यायाम माझा कमी, त्याचा जास्त. पुढं दुधवाला, मग शिक्षक, मग ट्रॅक्टरवाला. एकदा तर ट्रॉलीतल्या बायांनी मला बळंच वर ओढून घेतलं. कुठं जायचं हे त्यांनीच ठरवलेलं होतं, कारण पुढच्या गावात अमुक घरी तेरवी होती. मी तिथं जेवूनच परतलो.

मी वाट बदलली. डांबरी सोडून पांधणीनं जाऊ लागलो. उन्हाळ्यात ठीक होतं, पण मृगाच्या सरी पडल्या आणि आमच्या काळ्या मातीनं आपला गुण दाखवला. ही माती चिकटते ती सोडत नाही. पहिल्या दहा पावलांत बूट जड होतो, पुढच्या दहांत त्याच्याभोवती भाकरीएवढा गोल होतो, आणि माणूस आपोआप दोन इंच उंच होऊन डुलत चालतो. काडीनं खरवडावं, चार पावलं टाकावी, परत खरवडावं. शेवटी बूट तिथंच रुतला आणि मी मोजा पुढं टाकला.

मग एसटीचा विचार केला. १९५३ साली लंडनमध्ये मॉरिस नावाच्या डॉक्टरनं दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास छापला होता. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी निघाला. मी हे आमच्या रोजच्या गाडीच्या कंडक्टरला मोठ्या आदरानं सांगितलं. तो तेव्हा शाळेच्या पोरींची दप्तरं, दोन कोंबड्या आणि एक सायकलची रिम ओलांडून मागच्या सीटकडे निघाला होता.

"लंडनात लोक सुटे पैसे देत असतील," तो म्हणाला आणि पुढं सरकला.

या सगळ्यात पुण्याचा साळा घुसला. तो आयटीत आहे. बसायचं काम त्याचंही, पण तिकडं बसणाऱ्यांसाठी चालायचे वेगळे पट्टे, मनगटाला वेगळी घड्याळं. त्यानं कुटुंबाचा ग्रुप केला आणि फर्मान काढलं : रोज दहा हजार पावलं, फोनमधला आकडा रात्री टाकायचा. हा दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातला आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीतला नाही. पण साळ्याला कोण सांगणार? सौ.नं मला डोळ्यांनीच गप्प केलं. रात्री सगळ्यांचे आकडे यायचे. माझ्या आकड्यावर पुण्याहून नुसता हात जोडलेला बाहुला यायचा.

तेव्हा पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डवरणी चालू होती : बैलांमागं डवरा धरून ओळींमधलं तण काढायचं. काकाजींचा सालगडी सकाळी डवरा घेऊन निघाला. मी फोन रुमालात गुंडाळून त्याच्या कमरेला बांधला.

हिशोब माझ्या धंद्यातला होता. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पऱ्हाटीच्या दोन ओळींत तीन फुटांचं अंतर धरलं, तर एका एकरात बैलांमागं साडेचौदा हजार फूट, म्हणजे साधारण साडेचार किलोमीटर चाल होते. दोन एकर डवरले की नऊ. आडवी डवरणीही करायची म्हटली की तेवढंच परत. काकाजी उभ्या जन्मात कुठल्या ग्रुपवर नव्हते, पण चंद्रावर जाऊन आले असते तर त्यांच्या पायांना कळलंही नसतं.

दुपारच्या शिदोरीआधीच फोननं फटाके उडवले. रात्री मी आकडा टाकला. पुणे गप्प. मग साळ्याचा फोन आला, तोही हळू आवाजात : "भाऊजी, गुडघ्याला काही लावता का तुम्ही?"

गड्याला मी आकडा दाखवला. त्यानं चुन्याचं बोट पुसून स्क्रीन नीट बघितली.

"म्हणजे हे पावलं चढले कोणाच्या नावानं?"

"माझ्या. फोन माझा आहे ना."

"पाहा बाप्पा. वाहणारा मी, अन् सातबारा तुमचा."

"फेरफार करून देऊ काय?" मी हसत म्हटलं.

"द्या ना," तो म्हणाला. "पण ऑफिसात चकरा नका मारायले लावू, माहे पाय दुखून राह्यले."