पुराचे फोटो काढा, पण मे महिन्यातही काढा

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर पंचगंगेचे फोटो धो धो यायला लागतात. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की ड्रोन उडतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१च्या जुलैत ५६च्याही वर. बोटीत बसवलेली आजी, पाण्यात उभी गुरं, शिरोलीजवळ दिसेनासा झालेला हायवे, हे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या फोटोंनी मोठं काम केलं. अख्ख्या महाराष्ट्रातून धान्याचे, चादरींचे, चाऱ्याचे ट्रक आले ते हे फोटो बघूनच.

पण पूर कशाने आला, हे त्यातल्या कुठल्या फोटोत दिसलं? माझ्या मते जवळपास कुठल्याच नाही. म्हणूनच पाणी उतरलं की विषयही उतरतो.

पाऊस बदललाय, हे खरंच आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५०पासून मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हे फोटोत पकडणं अवघड. जमिनीवर आपण काय केलंय ते मात्र अगदी सहज पकडता येतं. निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूररेषेच्या आत मुरुमाचा भराव टाकून पाडलेले प्लॉट. बुजवलेले ओढे आणि त्यावरच्या कंपाउंडच्या भिंती. पंचगंगेच्या पुलाला जोडणारा हायवेचा भराव, जो पाणी तुंबवतो, तिथे पिलरचा पूल करा म्हणून लोक कधीपासून ओरडताहेत. हे सगळं उन्हाळ्यात लख्ख दिसतं, आणि नेमका तेव्हा कॅमेरा घेऊन तिकडे कुणीच फिरकत नाही.

गिडियन मेंडेल हा छायाचित्रकार २००७पासून देशोदेशीचे पूर टिपतोय. त्याच्या फोटोंतली माणसं स्वतःच्या बुडालेल्या घरात, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून सरळ आपल्याकडे बघतात. ती त्याच्यासाठी तिथे थांबलेली असतात, त्यांना विचारलेलं असतं. आपल्याकडे छावणीत रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर मोबाइल धरतात, तेव्हा मला फार संताप येतो. तिचं घर गेलंय. निदान चेहरा तरी तिचा तिच्याकडे राहू द्या.

डोंगरातल्या दरडींचंही हेच. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिन्ही गावं महाराष्ट्राला चिखलाच्या फोटोंतून माहीत झाली. ते उतार आधी कसे होते, याचे फोटो किती जणांनी पाहिलेत?

फोटोग्राफी करणाऱ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. नदीकाठच्या जागा ठरवून घ्या. दरवर्षी मे महिन्यात आणि पुरात, त्याच जागेवरून, त्याच दिशेने फोटो काढा. खाली तारीख आणि जागेचं नाव लिहा. वाटल्यास गट नंबरही. घराच्या भिंतीवर पाण्याची खूण राहते, ती रंगकाम व्हायच्या आत टिपा. विकास आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा हे फोटो अर्जाला जोडा. जोडी लावून ठेवलेले असे दोन फोटो सुनावणीत टेबलावर ठेवले, की ‘इथे पाणी येत नाही’ असं कुणाला म्हणता येणार नाही. कोल्हापूर, सांगली, शिरोळकडचं कुणी बरोबर येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा, जागांची यादी करायला बसू.