हाडाजवळची गाठ, तेल-मालिश आणि तो फॉरवर्ड

आमच्या इंदिरानगरच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, हाडाला चिकटलेली कडक गाठ म्हणजे कॅन्सरच, दुखत नसेल तर साधी, गरम तेलाने चोळून जिरवा, आणि बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) करू नका, सुई लागली की पसरतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हे वाचून गप्प बसवेना.

कडक म्हणजे कॅन्सर? गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळणारा एक मुलगा आला होता, मांडीवर लेदर बॉल बसलेला, महिन्याभरात तिथे लाकडासारखी गाठ, आई रडून रडून अर्धी झालेली. निघालं मायोसायटिस ऑसिफिकन्स, म्हणजे मार लागलेल्या स्नायूतच हाड धरतं. एक्सरेत कड पांढरी आणि मधे काळपट, अंड्याच्या टरफलासारखं, ऑस्टिओसार्कोमात, म्हणजे हाडाच्या कॅन्सरमध्ये, बहुतेकदा उलटं, मधे दाट नि कडेला विरळ. पण ही कड दिसायला तीन-चार आठवडे तरी जातात, आणि त्याआधी घाईने तुकडा तपासला तर पेशी कॅन्सरसारख्या वाटू शकतात, म्हणून मार कधी लागला ती तारीख डॉक्टरांना सांगाच सांगा.

आणि त्याला घरी पंधरा दिवस तेल लावून रगडलं होतं!! अहो, चोळल्याने हे हाड अजून वाढतं. कोपराच्या मारानंतर चोळून घेतलेले हात बघितलेत मी, घास तोंडापर्यंत जात नाही. जिरवायचं वगैरे काही नसतं.

हाडातली प्रत्येक गाठही कॅन्सर नसते. ब्राऊन ट्यूमरचं तर नावच ट्यूमर, पण तो कॅन्सर नाही, मूळ दुखणं गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं, रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (त्या ग्रंथीचं हार्मोन) तपासलं की धागा लागतो.

दुखत नाही म्हणजे साधी, ही ओळ सगळ्यात घातक. मांसातला सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागातला कॅन्सर, बऱ्याचदा अजिबात दुखत नाही, आणि मनगटावरचं साधं गँगलियन, म्हणजे द्रवाने भरलेली निरुपद्रवी गाठ, मात्र ठणकू शकतं. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवर किंवा वाढत असेल तर दुखायची वाट बघू नका. पोराचं हाड रात्री झोपेतून उठवण्याइतकं एकाच जागी दुखत असेल तर वाढीचं दुखणं म्हणून सोडू नका, एक्सरे काढा.

बायोप्सीचं म्हणाल तर भीती सुईची नाही, सुई कुठून घातली त्याची हवी. पुढे ऑपरेशन करणारा सर्जनच ती वाट ठरवतो, म्हणजे गाठ कॅन्सरची निघाली तर ती वाटही गाठीसोबत काढता येते. म्हणून आधी एमआरआय, मग बायोप्सी, आणि ती जिथे ऑपरेशन होणार तिथेच, त्यासाठी परळला टाटाला जावं लागलं तरी जा.

त्या मुलाची मालिश बंद केली, काही आठवड्यांनी पुन्हा एक्सरे काढला, कड अजून ठळक झाली होती आणि गाठ वाढली नव्हती. मेसेज पुढे पाठवला असेल त्यांनी निदान चोळायची ओळ चुकीची आहे एवढं तरी त्याच ग्रुपवर लिहा.