‘संमतीपत्र’ खिशात ठेवलं म्हणून सोळा वर्षांच्या पोराला गाडी देता येत नाही

सध्या कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे सरकारनं नवा कायदा आणून आई-बापाचा पोरांवरचा हक्कच काढून घेतलाय. पोरगं गाडीवर दिसलं की बाप थेट तुरुंगात. परदेशात सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, आपल्याकडं मात्र गरिबालाच त्रास. आणि शेवटी उपाय: ‘माझा पाल्य माझ्या संमतीने व जबाबदारीवर वाहन चालवत आहे’ असं स्टँपपेपरवर लिहून, नोटरी करून पोराच्या खिशात ठेवा, पोलीस काही करू शकत नाहीत.

असे मेसेज मी वाचून सोडून देते. पण आमच्या दाजींनी खरोखरच तसा कागद करून आणला. भाचा अकरावीला आहे, वय १६. राजारामपुरीत क्लासला जाताना सव्वाशे सीसीची मोपेड नेतो आणि मागं मित्राला बसवतो. त्या मित्राच्या आईनं कुठल्या स्टँपपेपरवर सही केलीय?

आधी या कागदाचंच बघू, कारण सगळ्यात घातक तोच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ सांगतं की अल्पवयीन मुलानं या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. विनालायसन्स गाडी चालवणं हाही गुन्हाच, त्यासाठी अपघात व्हावा लागत नाही. याच कलमात पालकाला सुटकेची वाट ठेवली आहे. हे माझ्या नकळत घडलं, किंवा घडू नये म्हणून मी सगळी काळजी घेतली होती, असं त्यानं सिद्ध करायचं.

आता दाजी, तुमच्या कागदावर काय आहे? ‘माझ्या संमतीने’. म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही अडवलं नाहीत, हे तुम्हीच सही करून, वर नोटरीचा शिक्का मारून दिलंत. सुटकेची होती ती वाट तुम्ही पैसे खर्च करून बंद केलीत. पोलिसांना पुरावा शोधायलाही जायला नको, तो पोराच्या खिशात आहे.

विम्याचंही तेच. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढं असंच एक प्रकरण होतं. मालकाच्या नात्यातल्या अल्पवयीन मुलानं मोटारसायकल नेली, अपघातात एकाचा जीव गेला. मालक म्हणत होता, मला न विचारता नेली. न्यायालयानं सांगितलं की लायसन्स नसलेल्या अल्पवयीनाच्या हाती गाडी जाऊ नये हे बघणं मालकाचं काम होतं. भरपाई मालकाकडून वसूल करायची मुभा विमा कंपनीला मिळाली. न विचारता नेलेल्या गाडीची ही गत, मग लेखी संमती देणाऱ्याला कोण वाचवणार?

एक गोष्ट मान्य करावी लागेल. पालकाची लेखी संमती हा प्रकार कायद्यात आहे. १६ पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते आणि बिनगिअरच्या गाडीच्या शिकाऊ लायसन्ससाठी पालकाची संमती लागते. पण ती आरटीओकडं अर्जासोबत द्यायची असते. ती लायसन्सची जागा घेत नाही, आणि सव्वाशे सीसीची मोपेड त्यात बसत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची बॅटरीवरची गाडी विनालायसन्स चालते, हेही खरं. तुमची गाडी ती नव्हे.

‘नवा कायदा’ म्हणे. कलम १९९-अ आणणारी दुरुस्ती २०१९ ची आहे. विनालायसन्स माणसाला गाडी देणारा मालक दोषी, हे तर १९८८ च्या मूळ कायद्यातच आहे. ‘थेट तुरुंगात’ही नाही, शिक्षा न्यायालय देतं. परदेशाचं म्हणाल, तर अमेरिकेत अनेक राज्यांत १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं, पण रात्री गाडी चालवण्यावर आणि सोबत मित्र बसवण्यावर बंधनं असतात. मेसेजमध्ये तेवढंच गाळलंय.

गरिबालाच त्रास, या मुद्द्यावर मी भांडणार नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि १७ वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला. राग येणारच. पण तो राग कायदा नीट राबवा म्हणून सांगण्यासाठी वापरायचा, की आपल्या पोरालाही तशीच किल्ली देण्यासाठी?

राहिला हक्क. ‘माझं पोरगं, मी ठरवणार’ हे कोल्हापुरात बोलताना तरी थोडं आठवावं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. पोरानं शाळेत जायचं की ढोरामागं, हे तोवर आई-बापच ठरवत होते. त्या सक्तीनं इथल्या किती घरांचं भलं झालं, हे दाजी, तुम्ही स्वतः दर शाहू जयंतीला सांगता. मग आता सरकारचा हात पोरांच्या जिवासाठी आड येतोय, तर हक्क गेला असं का वाटतं? गाडीपुढं येणारं पोर दुसऱ्या कुणाचं असतं. त्याचा जीव पणाला लावायचा हक्क आपल्याकडं कधीच नव्हता. उलट ‘सगळ्यांचे पप्पा देतात’ म्हणून पोरगं हट्टाला पेटतं, तेव्हा नाही म्हणायला हा कायदा आपल्याच बाजूनं उभा आहे.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट शेवटी सांगते. पकडला गेला तर गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. भाचा आज १६ चा आहे. कॉलेज संपेल, नोकरी लागेल, तरी त्याला दुचाकी चालवता येणार नाही.

दाजी, तो कागद फाडा आणि किल्ली ताईकडं द्या. क्लासला सायकलनं जाता येतं, केएमटीच्या बसनं जाता येतं. पाऊस असेल त्या दिवशी मला फोन करा, मी सोडते.