पवनेकाठचं घर आणि भाड्याची लिंबं

घर विकायचं असेल तर त्यात कधी कोणी राहिलंच नाही असं दाखवायचं, हा कुठला नवा नियम निघालाय?

पवना धरणाच्या काठाला आमचं छोटंसं घर आहे, दोन खोल्या, व्हरांडा, समोर तुंग किल्ला. बाबा गेले, दादा-वहिनी परदेशात, आईला पायऱ्या झेपत नाहीत. पुण्याहून दर शनिवारी जाऊन बोअरची मोटर जळली का बघायचा मला कंटाळा आलाय. म्हणून विकायला काढलं. इतकं साधं प्रकरण. पण एजंटने माझ्या मोबाइलवरचे फोटो बघून असं तोंड केलं की मला वाटलं घराला आग लागलीय. "मॅडम, असं नाही चालत आता. स्टेजिंग करावं लागेल." म्हणजे विकायच्या घराची फोटोसाठी भाड्याच्या सामानाने सजावट.

मग टॅब घेऊन एक मुलगी आली. तिने सगळ्यात आधी देव्हारा काढायला लावला. "न्यूट्रल ठेवू या ना." मग आजोबांचा फोटो गेला. मग लोखंडी कपाट, बादल्या, छत्र्यांचे खिळे, दारामागचे गमबूट, स्वयंपाकघरातली कपड्यांची दोरी. अगं, मावळात जून ते सप्टेंबर गमबुटाशिवाय अंगणात पाय ठेवता येत नाही! ओढणी चार-चार दिवस वाळत नाही, म्हणून ती दोरी गॅसच्या वर बांधलेली आहे. आम्हाला हौस नव्हती.

आणि त्या जागी आलं काय? पांढरे पडदे, पांढऱ्या उशा, तागाचा गालिचा, व्हरांड्यात दोऱ्यांचा झुला (त्यावर कोणी बसायचं नाही, फक्त बघायचा), आणि ओट्यावर काचेच्या वाडग्यात प्लास्टिकची लिंबं. मागच्या कुंपणाला खरं लिंबाचं झाड लगडलंय. "ती एकसारखी दिसत नाहीत, मॅम." ही लिंबं भाड्याने आलीत, बरं का. आठवड्याच्या हिशोबाने. वर अठरा टक्के जीएसटी. पांढऱ्या पडद्यांवर आठवडा संपायच्या आत बुरशीचे काळे ठिपके आले, तर त्याचे 'डॅमेज चार्जेस' माझ्याच नावावर! पावसाळ्यात मावळात पांढरं सुती कापड टांगायची अक्कल माझी होती का?

पण खरी गंमत फोटोंची. त्यांना पाणी काठोकाठ भरलेलं हवं आणि डोंगर हिरवेगार हवेत. आता पवना काही नैसर्गिक तळं नव्हे. धरण आहे, पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी इथून जातं. मे महिन्यात पाणी इतकं आत सरकतं की काठाला भेगाळलेला गाळ, बाटल्या आणि कोणाची तरी एक चप्पल एवढंच उरतं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागतं. म्हणजे यांना हवा तसा फोटो मिळतो तो ऐन पावसाळ्यातच. आणि ऐन पावसाळ्यात या बाजूच्या प्रत्येक घराच्या पश्चिमेच्या भिंतीला काय असतं? ताडपत्री! निळी, दोऱ्यांनी आवळलेली, कुरूप ताडपत्री. कारण पाऊस इथे वरून कमी आणि आडवा जास्त येतो.

"शूटपुरती काढू या," म्हणे. घर सांभाळणारे काका ओरडत होते, "ताई, झड लागंल, राहू द्या." ऐकतंय कोण? ड्रोन उडाला, ढग बाजूला व्हायची वाट बघण्यात संध्याकाळ झाली, मंडळी निघून गेली आणि रात्री झड लागली. सकाळी आतल्या भिंतीवर माणसाएवढा ओलीचा डाग, नव्या रंगाचे पोपडे जमिनीवर, आणि तागाच्या गालिच्याला भिजलेल्या गोणपाटाचा वास. यावर एजंटचा तोडगा ऐका: "तिथे छान वॉलपेपर लावू या." ओलीवर वॉलपेपर! म्हणजे मी लोकांना फसवायचं, तेही स्वतःच्या खर्चाने.

बरं, एवढं करून बघायला येणारी पार्टी काय बघते? झुल्यावर बसून (बसतातच!) रील काढतात. "पूल नाही का?" "वीकेंडला भाड्याने लावलं तर किती सुटतील?" बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, हे विचारत नाहीत. शनिवारी रात्री पलीकडच्या तंबूंमधून स्पीकर किती वाजेपर्यंत वाजतो, हे विचारत नाहीत. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, बिनशेतीचा आदेश, घरपट्टीच्या पावत्या, सगळी फाइल बाबांनी पंचिंग करून लावून ठेवलीय. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी लागतो, नाहीतर परवानग्यांच्या मागे धावा. आमचा प्लॉट बिनशेती आहे, त्यामुळे ती कटकटच नाही. विकायचा सगळ्यात मोठा मुद्दा हा! पण जाहिरातीत त्याचा उल्लेख नाही. जाहिरातीत आहे लिंबांचा वाडगा.

एकच गृहस्थ धड आले. निवृत्त, बहुधा बांधकामातले. बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली, टाकीचं झाकण उघडायला लावलं, मग नाक मुरडून म्हणाले, "हा गवती चहाचा वास कशाला मारलाय? काय झाकताय?" मी काय सांगणार! तो वास स्टेजिंगवाल्यांच्या यंत्राचा, बाटलीसकट भाड्याचा. मी यंत्र बंद करून ओलीचा डाग दाखवला, फाइल दाखवली. त्यांनी तासभर कागद वाचले, चहा घेतला, आणि ताडपत्री कुठे मिळाली ते विचारलं. त्यांचा निरोप यायचाय.

एजंटचा निरोप मात्र आला. रविवारी मुंबईची मोठी पार्टी येतेय, तेवढी ती निळी ताडपत्री काढून ठेवा, आणि लिंबं जरा पुसून घ्या, धूळ दिसते.

लिंबं परत पाठवली. ताडपत्री दसऱ्यापर्यंत तिथेच राहील. ज्याला निळ्या रंगाचा त्रास होत असेल त्याने डोळे मिटून घर बघावं.