धूर सोडला की झालं का काम?

दरवर्षी पावसाळ्यात तेच. गावात ताप सुरू झाला की ग्रामपंचायतीचं धुराचं मशीन बाहेर निघतं, पोरं मागे पळतात, सरपंचांचा फोटो स्टेटसला. अहो पण धुराने उडणारे डास मरतात, टाकीतल्या अळ्यांचं काय? आठ-दहा दिवसांत नवीन बॅच तयार!

बरं, पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं तर लॅब टेक्निशियनची पोस्ट रिकामी. मलेरियाचं किट आशाताईंच्या पिशवीत असतं म्हणून नशीब, पंधरा-वीस मिनिटांत कळतं तरी, पण डेंग्यूचं सॅम्पल जिल्ह्याला जातं आणि रिपोर्ट येईस्तोवर माणूस एकतर बरा होऊन शेतात गेलेला असतो नाहीतर शहरातल्या प्रायव्हेटमध्ये प्लेटलेटच्या नावाने बिल भरत असतो. रक्तातल्या पेशी मोजणारं साधं सीबीसी मशीन चालू ठेवा ना, रोज प्लेटलेट नि हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते) बघता आलं तर बरेच पेशंट इथेच सांभाळता येतील. ते नाही म्हणून लोक कुणाकडेही जातात आणि तो ठोकतो डायक्लोफिनॅक या पेनकिलरचं इंजेक्शन, जे डेंग्यूत द्यायचंच नसतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो!!

आणि घरोघर कंटेनर सर्वे (साठवलेल्या पाण्यात अळ्या आहेत का बघणं), रक्ताचे नमुने, 'आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा' (म्हणजे पाण्याची भांडी-टाक्या रिकाम्या करून सुकवा), हे सगळं आशाताईंच्याच डोक्यावर, मानधन मात्र थकलेलं. वर बायका विचारतात, ताई नळाला पाणीच चार दिवसांनी येतं, टाकी रिकामी कशी करू? बरोबरच आहे की त्यांचं. मग निदान टाक्यांना झाकणं तरी द्या, धुराच्या डिझेलला पैसे निघतातच ना दरवेळी!