काळी चार

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले, आणि त्या हळहळीतच आमच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुख्याध्यापक झालेल्या मित्राने विचारले, "आपल्या कॅसेटी कुठं हैत रं?" शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभ्या राहिलेल्या त्या वास्तूशी आमच्या कॅसेटींचा संबंध एवढाच, की तो रंगमंच गाजवण्याची तयारी म्हणून १९९२ च्या सुट्टीत आम्ही शुक्रवार पेठेतल्या आमच्या माडीवर टू-इन-वनपुढे बसून विनोदी नाटुकली मुद्रित केली होती. कॅसेटी माझ्याचकडे असणार आणि त्या वाचवणे हे माझेच कर्तव्य आहे, असे तिघांनी बहुमताने ठरवून टाकले. मत द्यायला उरलेला चौथा मीच होतो.

कॅसेटी सापडल्या. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगा आमच्या तळमजल्यापर्यंत येऊन गेली होती, पण माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेला तिने हात लावला नव्हता. ते काम दमट हवेने केले होते. चौदा कॅसेटींच्या फितींवर, लोणच्यावर धरावी तशी पांढरी बुरशी धरली होती. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून मूकपट काढले, त्या गावात त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. मग आमच्या 'पैलवान दातांच्या दवाखान्यात' या कृतीने तरी का टिकावे, असा थोर विचार करून मी ट्रंक बंद करणार होतो. तेवढ्यात ग्रुपवर आणखी एकाने, म्हणजे बँकेतल्याने, हात जोडल्याचे चित्र पाठवले.

टू-इन-वन उघडला, तर आतल्या रबरी पट्ट्याची काकवी झाली होती. ही उपमा मी विचारपूर्वक देतो. ती बोटाला लागली की साबणाला जुमानत नाही. एका वृद्ध कारागिराने नवा पट्टा बसवून दिला आणि हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायला सांगितले. औषधाच्या दुकानात मी ते मागितले, तेव्हा दुकानदाराने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला आणि मगच बाटली काढली. बुरशी ब्रशने झाडायची ती तोंडाला रुमाल बांधून आणि उघड्या हवेत, असे कळल्यामुळे मी गच्चीवर बसलो. शेजारच्या गच्चीवरून पृच्छा झाली, की एवढे काय पुसता. "नाटक," असे मी म्हणालो, आणि त्यानंतर त्या गच्चीवरून कुणी काही विचारले नाही.

साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळपास नव्वद मीटर फीत असते, हे मला यंत्राने एक कॅसेट गिळली तेव्हा प्रत्यक्ष मोजता आले असते. ती सगळी पेन्सिलीने परत गुंडाळावी लागली. त्यातही कॅसेट संगणकात उतरवण्याचे काम उरकता येत नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठच मिनिटे घेते, आणि त्या साठ मिनिटांत आपण सतरा वर्षांचे असताना किती हसलो हे ऐकावेच लागते. आमच्या पाच मिनिटांच्या नाटुकल्यात तीन मिनिटे हसू होते, आणि ते श्रोत्यांचे नव्हते.

आवाज प्रथम गोधडीतून आल्यासारखे येत होते. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू फीत वाजत असतानाच किंचित फिरवला, तेव्हा गोधडी बाजूला झाली आणि मुख्याध्यापक बाहेर आले. ते पैलवानाच्या भूमिकेत होते. दात काढायच्या वेळी त्यांना धरायला अख्खी तालीम येते आणि शेवटी डॉक्टरच घाबरून खुर्चीत बसतो, असे कथानक होते. मी तो तुकडा ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत मुख्याध्यापकांचा फोन आला. हा ठेवा जपलाच पाहिजे, फक्त त्यातल्या शिव्या काढ, कारण शाळेत आपण पोरांना त्याच शिव्यांबद्दल अंगठे धरायला लावतो, असे ते म्हणाले. बँकेतल्याला स्वतःचे हसू काढून हवे होते. तिसरा, जो त्या काळी फक्त दाराच्या आवाजाचे काम करत असे, तो मात्र म्हणाला, "भावा, दार आहे तसं ठेव."

पण खरी अडचण वेगळीच होती. मुद्रणाच्या वेळी सेल उतरलेले होते. सेल उतरले की मोटर मंद फिरते, आणि मंद फिरणाऱ्या यंत्रावर मुद्रित केलेली फीत नीट चालणाऱ्या यंत्रावर लावली की आवाज चढतो आणि धावतो. आमचा सव्वादोन मणाचा पैलवान बालवाडीतून पळून आल्यासारखा बोलत होता. संगणकावर गती उतरवता येते, पण किती उतरवायची हे कसे ठरवणार? मूळ आवाज फुटायच्या वयातला, म्हणजे मुळातच बेभरवशाचा. मापाला धरावे असे त्या फितीत काहीच नव्हते. होती ती फक्त मागे बारीक वाजणारी पेटी. खाली काकू भजनाचा सराव करत होत्या.

पेटी अजून काकूंच्या खोलीत आहे. काकूही आहेत, वय ऐंशीच्या पुढे. मी दोन दिवस तिकडे फिरकलो नाही, याचे कारण कॅसेटवर होते. कव्हरवर काकूंच्या वळणदार अक्षरात 'भजनी मंडळ, गौळणी' असे लिहिले होते आणि त्याच्यावर आमच्या अक्षरात 'पैलवान'. कुणी चुकून पुसू नये म्हणून काकांनी कॅसेटच्या पाठीवरची कळ मोडून ठेवली होती. भोक बुजले की यंत्र पुन्हा मुद्रण करते, म्हणून आम्ही त्या भोकात कागद कोंबून वर सेलोटेप लावला होता. हा गुन्हा चुकून घडला असे म्हणायची सोय आम्हीच ठेवली नव्हती. कोंबलेला कागद माझ्या वहीचा होता.

अखेर गेलो. लॅपटॉपवर पेटीचा तुकडा ऐकवला आणि काकू, तुमची गायची पट्टी कोणती, असे विचारले. "काळी चार. जन्मभर," असे म्हणून त्यांनी भाता मारून सूर दिला. फितीतला सूर पेटीवर लगतच्या पांढरी सहाचा होता, म्हणजे अर्ध्या सुराने वर, गतीत शेकडा सहाच्या आसपास. मी तेवढी गती उतरवली आणि पैलवान एकदम वयात आला. काकूंनी चष्मा लावून सगळे नाटुकले न हसता ऐकले. हसण्याच्या लाटेत ते मध्येच खटकन तुटले, तिथे मी थांबवू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. क्षणभर खरखर झाली आणि मग, आम्ही पुसायला विसरलेल्या चार मिनिटांत, भजनी मंडळाने गौळण मधूनच उचलली. ती विजेवर मुद्रित केलेली असल्यामुळे मघाच्या दुरुस्तीने आता अर्ध्या सुराने उतरली होती.

"बेसूर केलीस," काकू म्हणाल्या. मी गती पूर्ववत केली. त्यांनी गौळण ऐकली, कॅसेट हातात घेतली आणि पाठीवरच्या सेलोटेपवर अंगठा फिरवला. "ह्यांनी कळ मोडलेली. तुम्ही कागद कोंबलासा. तवाच कळलं हुतं मला." बत्तीस वर्षांत त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. मी माफी मागायला तोंड उघडले.

"ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्या पैलवानाचा दात निघाला का न्हाई शेवटी?"

नाटुकले तिथेच तुटले होते आणि मला आठवेना. मुख्याध्यापकांना फोन केला, ते म्हणाले निघाला. बँकेतला म्हणाला, डॉक्टरचा निघाला. तिसऱ्याला विचारले, तर त्याला फक्त एवढे आठवत होते, की शेवटी दार दोनदा वाजते.